संकेतस्थळे आणि साधनांचा श्रेयनिर्देश : मुक्तस्रोत परवान्यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
भारतात १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी अधिनियमाने प्रत्येक छापील ग्रंथावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ देणे बंधनकारक केले. मजकुराची जबाबदारी निश्चित करणे हा या तरतुदीचा हेतू होता. कृतज्ञतेचा त्यात प्रश्न नव्हता. खिळे ओतणाऱ्या आणि जुळवणाऱ्या कारागिरांची नावे देण्याचे बंधन कायद्याने घातले नाही. आज संकेतस्थळांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. ज्या मुक्तस्रोत आज्ञावलींवर संकेतस्थळ उभे राहते, त्यांचा उल्लेख त्यावर असावा काय? मुक्तस्रोत परवान्यांच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

सक्तीच्या श्रेयाचा प्रयोग :
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत विकसित झालेल्या 'बीएसडी' प्रणालीच्या परवान्यात एक अट होती. प्रणालीच्या वैशिष्ट्यांचा वा वापराचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाच्या श्रेयाचे ठरावीक वाक्य छापणे तीनुसार आवश्यक होते. अट एका संस्थेपुरती असताना ती जाचक नव्हती. परंतु इतर आज्ञावलीकारांनी तोच मसुदा घेऊन त्यात आपापली नावे घातली. 'नेटबीएसडी' प्रणालीच्या १९९७ मधील एका आवृत्तीत रिचर्ड स्टॉलमन यांना अशी ७५ वाक्ये आढळली. एवढी वाक्ये एका जाहिरातीत छापणे व्यवहारात अशक्यच होते. अखेर २२ जुलै १९९९ रोजी विद्यापीठाने ही अट रद्द केली.

संकेतस्थळांशी थेट संबंध असलेल्या 'अपाची' सर्व्हरचा प्रवासही याच दिशेने झाला. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए केंद्राच्या सर्व्हरवर निरनिराळ्या व्यवस्थापकांनी केलेल्या दुरुस्त्या एकत्र करून १९९५ मध्ये तो सिद्ध झाला. त्याच्या पहिल्या परवान्यातही जाहिरातीची अट होती. २००० च्या आवृत्तीत श्रेयवाक्य वितरणासोबतच्या माहितीपत्रिकेत देणे पुरेसे मानले गेले; २००४ च्या आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र सूचना-धारिकेची योजना झाली. त्याच वर्षी 'एक्सफ्री८६' प्रकल्पाने श्रेयाची नवी अट घातली, तेव्हा अनेक लिनक्स वितरकांनी त्याचा त्याग करून 'एक्स.ऑर्ग'चा स्वीकार केला.

अनामिकतेची किंमत :
परवान्यांच्या बहुतेक अटी आज्ञावलीच्या वितरणाला लागू होतात. सर्व्हरवर आज्ञावली चालवून केवळ पृष्ठे दाखविणे हे सामान्यतः वितरण ठरत नाही. वाचकाच्या संगणकाकडे पाठविल्या जाणाऱ्या आज्ञावलीत हक्कसूचना राखावी लागते. मात्र ती सामान्य वाचकाच्या दृष्टीस पडत नाही. त्यामुळे कायदा पाळूनही साधने अज्ञात राहतात.

याचा परिणाम एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' या दोषाच्या रूपाने समोर आला. 'ओपनएसएसएल' या आज्ञावलीतील या दोषामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील गोपनीय मजकूर बाहेरून वाचता येत होता. असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ज्या प्रकल्पावर अवलंबून होती, त्याला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर एवढ्याच देणग्या मिळत, हे त्याच्या प्रतिनिधींच्या निवेदनातून उघड झाले. विशेष म्हणजे या आज्ञावलीच्या परवान्यात जाहिरातीतील श्रेयाची अट त्या वेळीही होती. अट असूनही प्रकल्पाची बिकट स्थिती समाजाला दिसली नाही. दोष उघड झाल्यानंतरच लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला.

निष्कर्ष :
या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. श्रेयाची सक्ती स्वतःच्या भाराखाली मोडते. आणि श्रेय केवळ कायद्यावर सोपविल्यास ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणून श्रेयनिर्देश ही परवान्याची अट न राहता विद्याव्यवहारातील संदर्भनिर्देशासारखी प्रथा व्हावी, हे अधिक इष्ट होय. संदर्भग्रंथांची यादी देण्याचा आग्रह धरणाऱ्या महाविद्यालयांनी आपल्या संकेतस्थळावरील एका पृष्ठावर वापरलेल्या प्रमुख साधनांची नावे व परवाने नोंदविणे सहज शक्य आहे. अशा नोंदीने सौजन्य तर साधतेच; शिवाय आपण कोणाच्या श्रमावर अवलंबून आहोत, याची संस्थेला जाणीव राहते. त्या श्रमाला आधार देण्याची सुरुवात या जाणिवेपासूनच होऊ शकते.