आमच्या घरातला १९१४ सालचा फोटो

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असा अध्यक्षाबाईंनी आग्रह धरला. पाककृती लिहिणाऱ्या भगिनी आमच्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हाताची चव मला नाही. शिक्षणही सातवीपर्यंतचे. म्हणून आमच्या सोप्यातल्या भिंतीवर जो जुना फोटो टांगलेला आहे, त्याचीच हकीगत लिहून देते. गेली दोन वर्षे घरचे काम सांभाळून जमेल तशी ती गोळा केली आहे.

फोटो वीतभर उंचीचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. खालच्या कडेला पुण्याच्या स्टुडिओचे नाव सोनेरी अक्षरांत छापलेले होते, त्यातली दोन-तीन अक्षरे काय ती उरली आहेत. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि वेली. एका खुर्चीवर माझे पणजेसासरे, लष्करी पोशाखात, पायांना घोट्यापासून वर पट्ट्या गुंडाळलेल्या. दुसऱ्या खुर्चीवर त्यांची आई, अनवाणी, मांडीवर सव्वा वर्षाचे मूल. हे मूल म्हणजे माझे आजेसासरे. आणि खुर्च्यांच्या मागे उभ्या माझ्या पणजेसासूबाई. त्यांना घरात सगळे ‘थोरली आई’ म्हणत. मुलगा आणि सासू बसलेली, सून उभी, असाच त्या काळचा मान होता. मुलाचा उजवा हात धुरासारखा दिसतो. तेव्हा फोटो काढताना एक-दोन सेकंद तरी हलायचे नसे, आणि सव्वा वर्षाच्या लेकराला ते कोण सांगणार!

थोरल्या आईंचे लुगडे फोटोत अगदी काळे दिसते. पलटणीवर निघालेल्या नवऱ्याशेजारी काळे लुगडे नेसून उभी राहिली म्हणूनच पुढचे सगळे घडले, असे भावकीतल्या बायका अजून बोलतात. हे मला कधी पटले नाही. तालुक्याच्या गावी एक वृद्ध फोटोग्राफर आहेत, त्यांच्याकडे फोटो घेऊन गेले. त्यांनी सांगितले, की त्या काळी काचेच्या पाटीवर फोटो उतरत असे आणि त्या पाटीचा मसाला तांबड्या रंगाला आंधळा होता. तांबडी वस्तू फोटोत काळी येई. म्हणजे लुगडे तांबडे असण्याचाच संभव जास्त. शंभर वर्षे एका बाईच्या माथी मारलेला दोष काचेच्या मसाल्याचा निघाला!

याच हिशेबाने त्यांच्या कपाळावरचे कुंकूही काळे दिसायला हवे. पण तिथे पांढरा गोल ओरखडा आहे. तसाच दुसरा गळ्याशी, डोरल्याच्या जागी. कसरीने खाल्ले असे घरात म्हणत. माझ्या मुलीने मोबाईलवर त्याचा फोटो घेऊन मोठा करून दाखवला. कसर वाकडीतिकडी खाते, कडेकडेने खाते. हे मधोमध, गोल, बारीक रेघा ओढून केलेले होते.

त्याआधी पणजेसासऱ्यांविषयी जे हाती लागले ते सांगते. त्यांना सरकारकडून तीन पदके आली होती. चांदणीच्या आकाराचे पदक पोरांच्या खेळण्यात हरवले. चांदीचे १९७२ च्या दुष्काळात सोनाराकडे गेले, आणि त्याबद्दल मी कोणाला बोल लावीत नाही, कारण त्या वर्षी घरात खाणारी तोंडे अकरा होती. तिसरे पिवळ्या धातूचे, पंख असलेल्या बाईचे, ते देव्हाऱ्यात राहिले. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे आहेत. मुलीने ती वाचली: शिपायाचा क्रमांक, नाव आणि ‘११७ मराठाज’.

एवढ्या चार शब्दांवरून पुष्कळ कळले. ही पलटण पुणे डिव्हिजनमध्ये होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये तिला मुंबईहून बोटीवर चढवले आणि नोव्हेंबरात ती इराकच्या किनाऱ्यावर उतरली. तेव्हा त्या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत आणि तिथे तुर्कांचे राज्य होते. म्हणजे फोटो त्या ऑक्टोबरच्या आधी काही दिवसांचा. सातारा रोड स्टेशनापर्यंत बैलगाडी आणि पुढे मीटरगेजची आगगाडी, असा प्रवास करून या दोन्ही बाया लेकराला घेऊन पुण्याला गेल्या होत्या. थोरल्या आईंनी आगगाडी पाहिली ती त्या वेळी पहिल्यांदा.

एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई झाली, तीत या पलटणीने नाव काढले. नोव्हेंबर १९१५ मध्ये फौज बगदादच्या जवळ पोचली, पण टेसिफॉनला अडली आणि मागे फिरली. टायग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा नावाचे गाव आहे. तिथे ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढा घातला. तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे मारून खायची पाळी आली. आपल्या पुष्कळ शिपायांनी ते मांस खाल्ले नाही. जनरल टाऊनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी कित्येकांना ते तोंडात घालवेना. गावी गेल्यावर पंगतीत कोण बसवून घेईल, ही धास्ती त्यांना तुर्कांच्या गोळ्यांइतकीच होती. जवाच्या पिठावर दिवस काढून माणसे सुकली, हिरड्या सुजून दात हलू लागले. शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकली, पण ती हजारो पोटांना कुठून पुरणार? सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती सापडली. त्यांतल्या हिंदी शिपायांना वाळवंटातून पायी हाकत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपले. वाटेत आणि तिथे किती तरी मेले.

हे सर्व आज पुस्तकांत आहे. थोरल्या आईंना मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते. १९१५ च्या दिवाळीच्या सुमारास आलेले पत्र शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवले, त्यानंतर एकही पत्र आले नाही.

पुढचे माझ्या आतेसासूबाईंकडून कळले. त्या पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि थोरल्या आईंच्याच कुशीत झोपून वाढल्या. फोटो त्यांच्या मांडीवर ठेवून मी कपाळावर बोट ठेवले. त्या म्हणाल्या, “पोरी, कसरीनं न्हाई खाल्लं ते. म्हातारीनं सोता काट्यानं खरवडलंय.”

वर्ष गेले, दीड वर्ष गेले, तशी गावात कुजबुज सुरू झाली. पलटण बुडाली, सगळे मेले, अशी बातमी बाजाराच्या दिवशी कोणीतरी आणी. बायका सांगू लागल्या, कुंकू पूस, नाहीतर घराला दोष लागेल. आमच्यात केशवपन नव्हते, पण कुंकू, डोरले आणि हिरवा चुडा जायचा, आणि त्याबरोबर वाटीतले हळदकुंकू, ओटी, लग्नातला मान, सारेच जायचे. माहेरचे भाऊ तर पाट लावून द्यायला न्यायला आले होते. तेव्हा फोटोतली ती खुर्चीवरची सासू उंबऱ्यात आडवी उभी राहिली. “सरकारचा कागद येईस्तवर माझ्या सुनंच्या कपाळाला कुणी हात लावायचा न्हाई.” सासवांविषयी आपण नाही नाही ते ऐकतो आणि सांगतोही, म्हणून हे मुद्दाम लिहिले. एका म्हाताऱ्या विधवा बाईने स्वतःला जे चुकले नाही, ते सुनेचे तीन वर्षे अडवून धरले.

तरी संक्रांतीचे वाण थोरल्या आईंना कोणी देईना. सवाष्ण म्हणावी तर नवऱ्याचा ठिकाणा नाही, विधवा म्हणावी तर कागद नाही. आतेसासूबाई म्हणाल्या, त्या दिवशी थोरली आई रानात जाऊन बसायची.

१९१८ च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएन्झाची साथ आली. तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. तीत सासू गेली. आणि १९१९ मध्ये कागद आला. शत्रूच्या कैदेत मृत्यू. आता उंबऱ्यात उभे राहायला कोणी नव्हते. दहाव्या दिवशी बायकांनी जे करायचे ते केले. त्याच रात्री थोरल्या आईंनी फोटोची काच काढली आणि बाभळीच्या काट्याने त्यातलेही कुंकू आणि डोरले खरवडून टाकले. पुढे कधीतरी नातीने विचारले तेव्हा म्हणाल्या, “माझं पुसलं, मग फोटूत कशापायी ठिवायचं?” याहून जास्त त्या कधीच बोलल्या नाहीत.

पेन्शनच्या पैशावर आणि दोन बिघे जमिनीवर त्यांनी मुलगा वाढवला. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला वसतिगृह काढले, तिथे राहून तो शिकला आणि प्राथमिक शिक्षक झाला. पदकांबरोबर एक गोल तबकडीही आली होती, तळहाताहून मोठी. तीवर पणजेसासऱ्यांचे नाव आणि ‘स्वातंत्र्य व सन्मान यांसाठी मेला’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. कोणाचे स्वातंत्र्य, हे १९१९ मध्ये विचारायची सोय नव्हती! थोरल्या आई ती पिठाच्या गाडग्यावर झाकण म्हणून ठेवीत.

युद्धात मेलेल्यांच्या कबरी व स्मारके सांभाळणारा एक आयोग आहे. त्याच्या संकेतस्थळावर मुलीने नाव शोधले. एकाच नावाचे बरेच शिपाई निघाले, पण पदकाच्या कडेवरचा क्रमांक एकाशीच जुळला. मृत्यूची तारीख १९१६ सालातली आहे. म्हणजे भावकीत कुंकवावरून वाद चालले होते, तेव्हा ते केव्हाच गेले होते. स्मरण म्हणून इराकमधल्या बसरा स्मारकाचे नाव दिले आहे. हे स्मारक १९२९ मध्ये उघडले आणि तिथे चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. पण गोऱ्या शिपायांची नावे दगडात कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा घातला. आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात मेले. तिथे निदान गावात स्मारक तरी आहे. आमच्या पणजेसासऱ्यांचे नाव धातूवर उरले आहे ते एवढ्या एका पदकाच्या कडेला.

यंदा घराचे नवे बांधकाम झाले, तेव्हा फोटो मोठा करून लावायचा बेत निघाला. पुतण्या म्हणाला, “काकी, संगणकावर कपाळ नीट करून कुंकू लावून देतो, पाच मिनिटांचे काम.” घरात दोन तट पडले. सासूबाईंचे म्हणणे, गेलेल्या बाईला तिचे सौभाग्य परत मिळेल, का अडवता? मला ते पटेना. तो ओरखडा त्यांच्या हातचा आहे, त्यांना लिहिता येत नव्हते आणि मागे राहिलेले त्यांचे अक्षर म्हणाल तर एवढेच. आतेसासूबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, “तिनं केलंय, तिचं तिला ठाव. हात लावू नगा.” तेव्हा आहे तसाच मोठा केला.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अजून कोणाला बोलावणे जाते आणि कोणाला जात नाही, हे सभासद भगिनींना माहीत आहे. पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे.

ज्यांच्या घरात अशी जुनी पदके असतील त्यांना एक विनंती. सणाला देव उजळताना ती चिंच-राखेने घासू नका, कडेची अक्षरे झिजतात. आमच्या पदकावरचा शेवटचा आकडा असाच पुसट झाला आहे, तो ९ की ० हे ठरवायला आठ दिवस लागले. आणि फोटोच्या मागे माणसांची नावे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. शाई पुढच्या बाजूला उमटते.