भालाफेक : धाव व पदन्यास

भालाफेक हा मैदानी क्रीडास्पर्धांतील फेकीचा एक प्रकार होय. गोळाफेक, थाळीफेक व हातोडाफेक ह्या प्रकारांत खेळाडू वर्तुळात राहून फेक करतो. भालाफेकीत मात्र तो सरळ धावत येतो. त्यामुळे धाव व तीमधील पदन्यास हे ह्या प्रकाराचे खास अंग ठरते. तथापि वेगाने धावणे ही त्यातील अर्धीच बाजू होय. मिळविलेला वेग योग्य क्षणी पायांनी रोखून तो भाल्याकडे सोपविणे, ही उरलेली व अधिक अवघड बाजू होय.

पूर्वेतिहास : प्राचीन ग्रीसमधील ऑलिंपिक स्पर्धांत इ. स. पू. ७०८ पासून पंचक्रीडेत भालाफेकीचा समावेश होता. भाल्याच्या दांड्यास चामड्याची वादी गुंडाळून तिच्या फासात बोटे अडकवीत आणि थोडी पावले धावून फेक करीत. मराठ्यांच्या शस्त्रांतील ‘विटा’ हा दोरी बांधलेला भाला फेकून परत ओढून घेता येई. बोथाटीच्या खेळात बोथट टोकाचा भाला घोड्यावरून चालवीत. तेथे वेग घोडा पुरवी. आधुनिक भालाफेकीत तो खेळाडूस स्वतःच्या पायांनीच निर्माण करावा लागतो.

आधुनिक विकास : ऑलिंपिक स्पर्धांत भालाफेकीचा प्रवेश १९०८ मध्ये झाला. स्वीडनच्या एरिक लेमिंगने १९०८ व १९१२ ह्या दोन्ही वर्षी सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर फिनलंडने ह्या प्रकारात वर्चस्व मिळविले. १९२० च्या अँटवर्प येथील स्पर्धेत पहिले चारही क्रमांक फिनी खेळाडूंचे होते. अखेरच्या पावलांत उजवा पाय डाव्या पायापुढून आडवा टाकण्याची पद्धत ‘फिनी पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. ह्या आडव्या (कैची) पावलांमुळे धावण्याचा वेग न घालविता खेळाडूस शरीर बाजूस वळविता येते व भाला मागे नेता येतो. आडव्या पावलाऐवजी उजव्या पायावर लहानशी उडी घेण्याची पद्धत अमेरिकन म्हणून ओळखली जात असे; ती पुढे मागे पडली.

१९५६ मध्ये काही स्पॅनिश खेळाडूंनी थाळीफेकीप्रमाणे गिरकी घेऊन भाला फेकण्याचा प्रयोग केला. अंतर पुष्कळ वाढले. परंतु भाल्याची दिशा अनिश्चित होऊन पंच व प्रेक्षक ह्यांना धोका निर्माण झाला. म्हणून ही पद्धत नियमबाह्य ठरविण्यात आली. भाला खांद्यावरून वा फेकणाऱ्या हाताच्या वरच्या भागावरून फेकावा आणि तो हातातून सुटेपर्यंत फेकदिशेकडे पूर्णपणे पाठ करू नये, असा नियम आहे. पूर्व जर्मनीच्या उव्हे होनने २० जुलै १९८४ रोजी १०४·८० मी. फेक केल्यावर मैदान अपुरे पडू लागले. १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंमी. पुढे आणण्यात आला. नव्या प्रकारच्या भाल्याने चेक प्रजासत्ताकाच्या यान झेलेझ्नी ह्याने २५ मे १९९६ रोजी ९८·४८ मी. हा विक्रम केला.

धाव व पदन्यास : धावमार्ग ४ मी. रुंद व किमान ३० मी. लांब असतो. त्याच्या शेवटी ८ मी. त्रिज्येची चापाकृती रेषा असते. तिला वा तिच्यापुढील भूमीला स्पर्श झाल्यास फेक बाद होते. कसलेले खेळाडू सामान्यतः १३ ते १७ पावले घेतात. आरंभीची पावले सरळ धावण्याची असून त्यांत वेग क्रमशः वाढवितात, अखेरची सु. पाच पावले आडवी असतात. शेवटून दुसरे पाऊल लांब व सपाट असते. त्यात उजवा पाय कमरेच्या पुढे टेकतो व धड किंचित मागे कलते. लगेच डावा पाय ताठ रोवला जातो. कमरेखालचा भाग असा अकस्मात थांबल्यामुळे वेग अनुक्रमे कंबर, धड, खांदा, कोपर व शेवटी हात ह्यांच्याद्वारे भाल्यापर्यंत पोहोचतो. डावा गुडघा वाकल्यास हा वेग वाया जातो आणि उणीव भरून काढण्याचा भार खांदा व कोपर ह्यांवर पडतो.

नवशिक्याने प्रथम उभ्याने, नंतर तीन व पाच पावलांनी फेक करावी व लय बसल्यावरच धाव वाढवावी. आडव्या पावलांत वेग मंदावणे, उंच उडी घेणे व डावा पाय उशिरा टेकणे हे नेहमी आढळणारे दोष होत.

अंतर चापरेषेपासून मोजतात. म्हणून फार मागे थांबणाऱ्याचे अंतर बुडते, तर फार पुढे येणाऱ्याची फेक बाद होते. नीरज चोप्रा ह्यांनी ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकिओ येथे ८७·५८ मी. फेक करून भारतास मैदानी क्रीडाप्रकारांतील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८९·४५ मी. ही रौप्यपदकाची फेक वगळता त्यांचे उरलेले पाचही प्रयत्न नियमबाह्य ठरले. मे २०२५ मध्ये दोहा येथे त्यांनी ९०·२३ मी. अंतर गाठले.

पायांचा आधार नसता ह्या खेळाचे स्वरूप कसे पालटते, ह्याचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे मुरलीकांत पेटकर होत. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या पेटकर ह्यांनी १९७२ मध्ये जलतरणात पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळविले. ते भालाफेकीतही उतरत. बसून केलेल्या फेकीत धाव नसते आणि सर्व बळ धड व बाहू ह्यांतूनच काढावे लागते.

जमीन व धावमार्ग : रोधक पाय भक्कम रोवता येणे हे पुष्कळसे जमिनीवर अवलंबून असते. भालाफेकीच्या बुटांना टाचेखालीही खिळे असतात, ते ह्याचसाठी. कृत्रिम धावमार्गावर पाय घट्ट बसतो. मातीच्या मैदानावर तशी खात्री नसते. खानदेशातील तापी खोऱ्याची काळी जमीन कापसास उत्तम. परंतु ती पावसाळ्यात चिकट होते व उन्हाळ्यात भेगाळते. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गाव ह्याच खोऱ्यात आहे. अशा जमिनीवर पाय घसरेल ह्या भीतीने मुलगा अखेरच्या पावलांत नकळत वेग कमी करतो आणि ती सवय पुढे चांगल्या धावमार्गावरही सुटत नाही. म्हणून अशा ठिकाणी मुरूम पसरून, पाणी मारून व रूळ फिरवून धावमार्ग कठीण करणे इष्ट ठरते. साधने अपुरी असल्यास निदान चापरेषेमागील अखेरचे सु. दहा मीटर तरी पक्के करावेत. कारण आडवी पावले व रोधक पाय तेथेच पडतात आणि फेकीचे यशापयश तेथेच ठरते.