फितीवरचे घरचे आवाज

इतिहास म्हटला की आपल्यापुढे येतात ते ताम्रपट, बखरी आणि मोडी कागदांची दप्तरे. परंतु घरोघरी आणखी एक दप्तर पडून आहे, त्याची दखल कोणी घेत नाही. ते म्हणजे कपाटातल्या जुन्या कॅसेटी.

१९०२ साली फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आले आणि गौहरजानचे गाणे तबकडीवर चढले. मात्र तबकडीचा हा मान नामवंतांचा, आणि तोही जेमतेम तीन मिनिटांचा. घरच्या माणसांनी ऐकायचे, बोलायचे नाही! हा भेद मोडला कॅसेटने. फिलिप्सने ती १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली, आणि पुढे वीसेक वर्षांत टेपरेकॉर्डर आपल्या माजघरात येऊन बसला. बटण दाबताच आजीची ओवीही फितीवर उमटू लागली. तिचे मोल जाणत्यांनी ओळखले होते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या; त्यांतल्या कित्येक त्या बायांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागल्या.

घरच्या ओव्यांना असा वाली नाही. फितीवरचा आवाज म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवलेले लोहाचे चुंबकीय कण. दमटपणाने पट्टीला बुरशी धरते, यंत्रातला रबरी पट्टा सैल पडतो. म्हणून मी कॅसेटी संगणकावर उतरवू लागलो. टेपच्या मागून एक तार संगणकाला जोडायची; तो सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद घेतो. पण घाई चालत नाही. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या आपल्याच चालीने सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटे द्यावीच लागतात. बसून ऐकावे लागते, आणि ऐकताना कळते की खरी अडचण यंत्राची नव्हेच.

एका कॅसेटीत डोहाळजेवणाची गाणी निघाली. चौघी गात होत्या. तिघींची नावे घरातल्या थोरल्या काकूंनी लगेच सांगितली. चौथीचा आवाज सगळ्यांत गोड. पण ती कोण, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. संगणकाने तिचा श्वासदेखील टिपला. नाव तेवढे तो देऊ शकला नाही.

तेव्हा वाचकहो, सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटी मागे राहू द्या. ती गाणी जगात अन्यत्र आहेत. आधी घरचे आवाज उतरवा, कारण त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. उतरवून झाल्यावर मूळ कॅसेटही टाकू नका. आणि दिवाळीला सारी मंडळी जमतात, तेव्हा फराळाच्या ताटांबरोबर एक वही ठेवा. आवाज ऐकवा आणि वडीलधाऱ्यांना विचारा, “ही कोण?” सांगतील ते नाव, गाव आणि साल लिहून घ्या. फीत अजून काही वर्षे कदाचित वाट पाहील. ओळखणारे कान तेवढे थांबतीलच असे नाही.