निगमीकरण : नाशिक रोडची मुद्रणालये

सरकारी खात्यामार्फत चालणारा उद्योग कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीकडे सोपवण्याची प्रक्रिया म्हणजे निगमीकरण. मालकी सरकारकडेच राहत असल्याने ते खासगीकरणाहून वेगळे आहे. यंत्रे, इमारती व माणसे तीच राहतात. सेवेचे नियम, हिशेबाची पद्धत आणि कामगाराचा मालक मात्र बदलतो. नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेस व करन्सी नोट प्रेस यांचे 2006 मधील निगमीकरण हे याचे ठळक उदाहरण होय.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या आरंभी भारताची टपाल तिकिटे व नोटा इंग्लंडमध्ये छापल्या जात. तिकिटांची छपाई 1925-26 च्या सुमारास नाशिक रोडला आली आणि 1928 मध्ये नोटांच्या छपाईसाठी करन्सी नोट प्रेस उभे राहिले. दोन्ही मुद्रणालये पुढे केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाखाली होती. ‘प्रेस कामगार’ हा केंद्र सरकारचा नोकर होता. 1995 मध्ये रिझर्व्ह बँकेने नोटांच्या छपाईसाठी स्वतःची कंपनी स्थापन केली. म्हैसूर व सालबोनी येथील तिच्या छापखान्यांमुळे नोटांचे काम केवळ नाशिक रोड आणि देवास येथील सरकारी मुद्रणालयांकडे राहिले नाही.

रूपांतर : 13 जानेवारी 2006 रोजी ‘सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही पूर्णतः सरकारी कंपनी नोंदली गेली. नाशिक रोडच्या दोन मुद्रणालयांसह देवास व हैदराबादची मुद्रणालये, मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथील टांकसाळी आणि होशंगाबादची कागद गिरणी अशी नऊ एकके तिच्याकडे गेली. त्याआधी, 6 जून 2005 रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन नाशिक रोडजवळचे एकलहरे औष्णिक वीज केंद्र महानिर्मिती या नव्या कंपनीकडे आले होते. अशा रीतीने नाशिक रोड परिसरातील मुद्रणालये व वीज केंद्र या मोठ्या सरकारी आस्थापनांची रचना वर्षभराच्या आत बदलली.

सेवाविषयक प्रश्न : अशा बदलात कामगाराची पहिली शंका निवृत्तिवेतनाविषयी असते. 2021 पर्यंत लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1972 मधील नियम 37-अ याचसाठी 2000 मध्ये, दूरसंचार सेवा बीएसएनएलकडे जाताना, घालण्यात आला. त्यानुसार कर्मचारी आधी सरकारी नोकर म्हणूनच नव्या कंपनीत काम करतो. नंतर त्याला एकदाच विकल्प मिळतो : कंपनीत कायम सामावून जाणे किंवा सरकारी सेवेत परतणे. परतणाऱ्यांना अतिरिक्त कर्मचारी कक्षामार्फत अन्यत्र नेमले जाते. सामावलेल्यांना सरकारी व कंपनीतील सेवा एकत्र धरून निवृत्तिवेतन घेता येते. निर्णयाला मिळणारी मुदत आणि हक्कांची लेखी हमी यांमुळे विरोधाची धार कमी होते.

कामाचे स्वरूप : संस्थेच्या नव्या रचनेबरोबर मागणीही बदलत गेली. बनावट मुद्रांक प्रकरणानंतर राज्ये ई-मुद्रांकाकडे वळू लागली आणि मुद्रांक कागदाचे महत्त्व घटू लागले. दुसरीकडे पारपत्रांचे काम वाढले; इलेक्ट्रॉनिक चिप असलेली ई-पारपत्रे इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होतात. 2016 च्या नोटाबंदीनंतर नव्या 500 रुपयांच्या नोटांची तातडीची छपाई करन्सी नोट प्रेसने केली.

तुलना व मूल्यमापन : ब्रिटनची रॉयल मिंट 1975 मध्ये स्वतंत्र हिशेब ठेवणारा ‘ट्रेडिंग फंड’ झाली आणि 2009 च्या अखेरीस कंपनी. हा टप्प्याटप्प्याचा मार्ग होता. भारतात 1 ऑक्टोबर 2021 रोजी 41 आयुध निर्माणी सात कंपन्यांत वाटल्या गेल्या. त्यांत खडकी, देहूरोड, भुसावळ, वरणगाव व अंबाझरी येथील कारखाने होते. तेथील कामगार संघटनांनी तीव्र विरोध केला आणि कर्मचाऱ्यांना मानीव प्रतिनियुक्तीवर, म्हणजे सरकारी नोकर म्हणूनच नव्या कंपन्यांत, ठेवावे लागले.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1947 मध्ये बदलाचे तीन टप्पे सांगितले : जुनी घडी सैल करणे, बदल करणे व नवी घडी बसवणे. निगमीकरणात मधला टप्पा एका अधिसूचनेने पार पडतो. पहिला व तिसरा टप्पा मात्र सेवाहक्कांची हमी आणि हाताला पुरेसे काम, या दोन गोष्टींवर अवलंबून असतो.