व्हीसीआरमध्ये कॅसेट अडकली? ओढू नका, आधी हे करा

लग्नाची, मुंजीची किंवा साठीशांतीची व्हीएचएस कॅसेट कित्येक घरांत अजून कपाटाच्या वरच्या खणात जपून ठेवलेली असते. तिची डिजिटल कॉपी करून घ्यावी म्हणून माळ्यावरचा व्हीसीआर खाली काढला जातो, कॅसेट आत सरकवली जाते आणि नेमकं तिथंच घोडं अडतं. इजेक्टचं बटण दाबलं की आत थोडी घरघर होते आणि मशीन आपोआप बंद पडतं. त्या कार्यक्रमाची दुसरी प्रत बहुतेक वेळा नसतेच. गेलेल्या माणसांचा आवाज आणि चालणं-बोलणं उरलेलं असतं ते तेवढ्या एका कॅसेटमध्ये. म्हणून घाईत चिमट्याने कॅसेट ओढण्याआधी आत काय चाललंय ते समजून घेतलेलं बरं.

टेप आत कशी अडकते?

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस पद्धत बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि त्यापाठोपाठ व्हीसीआर घराघरांत दिसू लागला. यातली टेप अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंद असते आणि डोक्याच्या केसापेक्षा पातळ असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती अडीचशे मीटरहून थोडी जास्त भरते.

कॅसेट आत गेली की तिची पेटी खाली बसते आणि पुढचं झाकण उघडतं. मग दोन छोटे खांब टेपला कॅसेटमधून बाहेर ओढून चकाकत्या गोल ड्रमभोवती गुंडाळतात. हा ड्रम आपल्याकडच्या पॅल पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतो. कॅपस्टन नावाचा बारीक दांडा आणि त्याला चिकटून फिरणारा रबरी रोलर टेप पुढे सरकवतात. इजेक्ट दाबल्यावर हे सगळं उलट क्रमाने व्हायला हवं : आधी खांब मागे, मग सैल टेप आत, आणि शेवटी पेटी वर येऊन कॅसेट बाहेर. मधली एक पायरी चुकली तरी टेप ड्रमभोवती तशीच राहते. अशा वेळी कॅसेट ओढली तर टेप चुरगळते किंवा तुटते.

कारणं बहुधा साधी असतात. वर्षानुवर्षं न वापरल्याने रबरी बेल्ट सैल पडलेला असतो, प्लॅस्टिकच्या गिअरला तडा गेलेला असतो, किंवा यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणारा आतला स्विच कळकलेला असतो. कधी कॅसेटवरचं जुनं लेबल सुटून पेटीला चिकटतं. लहान मुलांनी आत टाकलेलं नाणंही निघू शकतं.

न उघडता करायचे उपाय

१. इजेक्ट पुन:पुन्हा दाबू नका. दर वेळी टेप थोडी आणखी ताणली जाते.

२. प्लग काढून दहा मिनिटं थांबा. पुन्हा लावून इजेक्ट एकदाच दाबा. बरीच यंत्रं वीज आल्यावर आपली अवस्था नव्याने तपासतात आणि कॅसेट बाहेर देतात.

३. यंत्र एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलं असेल तर ड्रमवर दव धरतं. गोव्यात किंवा पावसाळ्यात बेळगाव-खानापूर भागात हे सहज होतं. ओलसर ड्रमला टेप चिकटते. काही यंत्रांत दवाचा सेन्सर असतो आणि तो यंत्र चालूच होऊ देत नाही. चालू करण्याआधी दोन-तीन तास यंत्र तसंच राहू द्या.

झाकण उघडताना

वरचे उपाय चालले नाहीत तर झाकण काढावं लागतं. प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. बऱ्याच यंत्रांच्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. त्यामुळे अर्धा तास थांबा. त्यानंतरही जिथे विजेची वायर आत येते त्या भागाला हात लावू नका. विजेच्या कामाची सवय नसेल तर इथून पुढचं काम मेकॅनिककडे द्यावं.

साहित्य फार लागत नाही : स्टार स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, स्क्रू ठेवायला वाटी, टोक बोथट केलेली लाकडी काडी आणि स्वच्छ कोरडे हात. बाजूचे आणि मागचे स्क्रू काढून झाकण किंचित मागे सरकवून उचला. हात घालण्याआधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा, पुन्हा जोडताना ते उपयोगी पडतात.

टेप सोडवण्याचा क्रम

आधी टॉर्चने पाहा, टेप ड्रमभोवती आहे की परत कॅसेटमध्ये गेली आहे? परत गेली असेल तर अडचण फक्त पेटीची आहे. लेबल, नाणं किंवा बेल्ट तपासा.

टेप बाहेर असेल तर लोडिंग मोटर शोधा. ही छोटी मोटर असते आणि तिच्या दांड्यावर स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर किंवा बेल्टची पुली असते. ती बोटाने हळूहळू फिरवा. खांब ड्रमकडे जाताना दिसले तर दिशा उलटी आहे. ते कॅसेटकडे परतायला हवेत. बरेच फेरे द्यावे लागतात, धीर धरा. जोर लावावा लागला तर तिथेच थांबा. काही तरी अडलेलं आहे, ते आधी शोधा.

खांब मागे येताना टेप सैल पडते. दर थोड्या फेऱ्यांनंतर रीळ त्या सैल टेपला आत ओढेल अशा दिशेने फिरवा. रिळापर्यंत बोट पोहोचत नसेल तर पुष्कळ यंत्रांत खालच्या बाजूची कॅपस्टन मोटरची चकती हाताने फिरवली तरी रीळ फिरतं. टेप रबरी रोलरला गुंडाळली असेल तर रोलर उलटा फिरवून ती काडीने अलगद सोडवा. सुई, चाकू, चिमटा नको. ड्रमच्या चकाकत्या बाजूला आणि टेपला बोटं लावू नका. हाताचा तेलकटपणा तिथे बसतो.

खांब पूर्ण मागे आले की तीच मोटर आणखी फिरवत राहा. बहुतेक यंत्रांत तिच्यानेच पेटी वर येऊन बाहेर सरकते. काही जुन्या यंत्रांत पेटीला वेगळी मोटर असते. थोडी टेप बाहेर लोंबत असेल तर कॅसेटचं झाकण वर धरूनच ती बाहेर घ्या, नाहीतर टेप झाकणात चिमटते. मग कॅसेट उलटी करा. मधोमध एक भोक दिसेल, तिथे पेन्सिलीने दाबलं की रिळाचा ब्रेक सुटतो. रीळ बोटाने फिरवून सैल टेप आत घ्या.

कापायची वेळ आलीच तर

टेप कापणं हा अगदी शेवटचा उपाय. पॅल पद्धतीत नेहमीच्या वेगाने सेकंदाला २३ मिलिमीटरच्या थोडी वर टेप सरकते. म्हणजे एक वीत टेप गेली तर साधारण दहा सेकंदांचं चित्र गेलं. हे दहा सेकंद अक्षता पडल्याचे असू शकतात, म्हणून कापायचंच तर चुरगळलेल्या भागाच्या मधोमध एकच काप द्या आणि तुकडा फेकू नका.

जोडताना साधी चिकटपट्टी वापरू नये. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि ड्रमवरच्या हेडला लागतो. टेप जोडण्यासाठी वेगळी पट्टी मिळते, ती ड्रमला न लागणाऱ्या, म्हणजे आतल्या बाजूने लावायची. कॅसेटचं कवच बहुधा खालच्या पाच स्क्रूंनी बंद असतं. कवच मोडलं असेल तर दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येतात. जोडलेली कॅसेट पुन:पुन्हा लावू नका, एकदाच चालवून कॉपी करून घ्या.

पुन्हा चालवण्याआधी

कॅसेट निघाली म्हणजे यंत्र दुरुस्त झालं असं नाही. बेल्ट, गिअर, स्विच यांपैकी काय बिघडलं ते पाहून घ्या. हेड साफ करायला शॅमॉय चामड्याचा तुकडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. चामडं ड्रमला टेकवून धरायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. कानात घालायच्या कापसाच्या काड्यांचे तंतू हेडला अडकतात, त्या टाळा. शिवणयंत्राचं तेल बेल्ट, रोलर आणि ड्रम यांच्या जवळही नेऊ नका.

पहिली चाचणी नको असलेल्या कॅसेटवर घ्या. ती दोन-तीनदा नीट आत-बाहेर झाली तरच घरची कॅसेट लावा. तीही लावण्याआधी काचेतून पाहा. रिळावर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घातली तर बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. ती साफ करून देणाऱ्याकडेच द्या. कॅसेटच्या मागच्या कडेवरचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही.

नवे व्हीसीआर आता बनत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे बंद पडलेलं यंत्रही भंगारात देऊ नका. त्याचा बेल्ट, गिअर किंवा रोलर दुसऱ्या यंत्राला लागू शकतो. आणि कॅसेट एकदा नीट चालली की त्याच बैठकीत डिजिटल कॉपी काढा, ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ कॅसेट मात्र कोरड्या जागी उभी ठेवून जपावी.