शहापूर ते मुरबाड : अंतर किती, वेळ किती?

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर दोन्ही गावांत २३-२४ किलोमीटरच आहेत. रस्त्याने मात्र सुमारे ३० किलोमीटर पडतात, कारण मध्ये भातसा आणि काळू या दोन नद्या आहेत आणि रस्त्याला पुलाकडे वळावंच लागतं.

सरळ रस्ता शहापूरहून सापगावचा भातसा पूल ओलांडून मुरबाडला जातो. हाच पुढे कर्जत-खोपोलीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४८-अ. नाव महामार्ग, पण मुंबई-नाशिक हायवेचा वेग डोक्यात ठेवून निघू नका. मोटारसायकल किंवा स्वतःच्या गाडीने पाऊण तास ते एक तास धरावा. एसटी थांबत थांबत जाते, म्हणून तासाच्या वर धरा आणि स्टँडवरचं थांबणं वेगळं. दुसरा रस्ता किन्हवली-सरळगाववरून आहे. तो लांबचा, पण त्या बाजूच्या गावांना तोच सोयीचा.

"ट्रेनने जाऊ का?" असं नवीन माणूस हमखास विचारतो. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची चर्चा आपण वर्षानुवर्षं ऐकतोय, ती येईल तेव्हा येईल. शहापूरचं स्टेशन म्हणजे आसनगाव, गावापासून दोन-तीन किलोमीटर. तिथून वासिंद, खडवली, टिटवाळा करत कल्याण ३२ किलोमीटर, मग कल्याणहून मुरबाड आणखी साधारण ३०. म्हणजे अंतर दुपटीहून जास्त, आणि लोकल-एसटीची वाट पाहणं धरलं तर दोन ते अडीच तास. शेवटची थेट गाडी चुकली तरच हा मार्ग. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो खरा, पण मुरबाडला जायला त्याचा काही उपयोग नाही.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. भातसा धरणाचे दरवाजे उघडले की सापगाव पुलाच्या परिसराला सतर्कतेचा इशारा दिला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी त्या बाजूच्या कुणाला तरी फोन करून पूल चालू आहे का ते विचारा. बंद असेल तर अर्ध्या रस्त्यातून मागे फिरण्यापेक्षा सरळ कल्याणवरून जावं. पौष पौर्णिमेला म्हसा यात्रा सुरू झाली की मुरबाडच्या अलीकडे-पलीकडे गर्दी असते, तेव्हा अर्धा तास जास्त ठेवा.

हे सगळं सांगायचं कारण, आपले नातेसंबंध दोन्हीकडे आहेत. मयतीची खबर येते, जनाजा जोहरनंतर असतो, आणि लोक "तीसच किलोमीटर तर आहे" म्हणून साडेबाराला निघतात. एसटीने जाणार असाल तर दहाच्या आत स्टँडवर असायला हवं. पेशंट न्यायचा असेल तर एसटीच्या भरवशावर राहूच नका, १०८ ला फोन करा.

तिकिटाचं थोडक्यात : एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे मोफत. वयाच्या सवलतीसाठी ओळखपत्र सोबत ठेवावं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर मुरबाड स्टँडच्या चौकशी खिडकीवर विचारून घ्या, कारण संध्याकाळनंतर या रस्त्यावर गाड्या कमी होतात.