बॅलस्टर: कठड्यातले डाळिंबाचे फूल



दोन वर्षांपूर्वी आम्ही इथे अमेरिकेत आमचे पहिले घर घेतले. घर १९७० च्या दशकातले, दोन मजली, मधोमध लाकडी जिना. घर घेण्याआधी जी तपासणी होते तिचा चाळीस पानी अहवाल आला. त्यात एक ओळ होती: जिन्याच्या वरच्या कठड्यातील बॅलस्टरमधले अंतर जास्त आहे. बॅलस्टर म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. दोघेही इंजिनियर! शब्दकोशात पाहिले, कठड्याचे उभे दांडे असा अर्थ मिळाला. टेप घेऊन दोन दांड्यांच्या तळाशी मोजले, चार इंच भरले. नियम चार इंचांचाच आहे हे ऐकून होतो. तपासणी करणाऱ्याचीच काहीतरी चूक असेल म्हणून विषय सोडून दिला.

त्याच वर्षी गणपतीला घरी पंचवीस-तीस माणसे होती. आरती चालू असताना आमची दीड वर्षाची मुलगी वरच्या कठड्यातून पाय खाली सोडून बसली आणि घसरली. धड बाहेर, डोके आत अडकलेले. भारतातून आलेल्या आईने जिन्यावरून हात वर करून तिला खालून उचलून धरले म्हणून निभावले. आम्ही शेजारचा एक दांडा करवतीने कापला आणि तिला सोडवले. मानेवर थोडे खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. त्या रात्री पाहुणे गेल्यावर अहवालातली ती ओळ पुन्हा वाचली. आपण मोजायला कुठे चुकलो हे शोधताना या शब्दाचा सगळा इतिहासच हाती लागला. तो इथे मांडत आहोत.

शब्द कुठून आला

बॅलस्टर हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला. फ्रेंचमध्ये तो बालुस्त्र, इटालियनमध्ये बालाउस्त्रो. त्याच्या मुळाशी प्राचीन ग्रीक शब्द आहे बालाउस्तिओन, म्हणजे रानडाळिंबाचे फूल. ग्रीक आणि रोमन वैद्य हे फूल वाळवून औषधात वापरत. युनानी वैद्यकात त्यालाच गुलनार म्हणतात.

डाळिंबाच्या फुलाचा आणि कठड्याचा काय संबंध? ज्यांच्या परसात डाळिंबाचे झाड होते त्यांनी त्याची अर्धवट उमललेली कळी आठवून पाहावी. देठाजवळ जाड, फुगीर भाग, मग निमुळती मान आणि वर पुन्हा पसरलेला झुपका. जुन्या जिन्याच्या दांड्याचा आकार हुबेहूब असाच असतो. आकारावरून नाव पडले, आणि नंतर आकार बदलला तरी नाव राहिले. आज सरळसोट चौकोनी पट्टीलाही बॅलस्टरच म्हणतात.

अशा दांड्यांच्या पूर्ण रांगेला बॅलस्ट्रेड म्हणतात. बॅनिस्टर हा शब्द म्हणजे बॅलस्टरचाच लोकांच्या तोंडी झालेला अपभ्रंश. आता बोलताना तो अख्ख्या कठड्यासाठी वापरतात, त्यामुळे दुकानात गोंधळ होतो. ब्रिटनमधल्या मंडळींना जिन्याच्या दांड्यासाठी स्पिंडल हा शब्द जास्त ऐकू येईल. स्पिंडल म्हणजे चरख्याची चाती.

युरोपातला इतिहास

गंमत म्हणजे ग्रीक शब्दावरून नाव पडलेली ही वस्तू ग्रीक किंवा रोमन देवळांत कठड्यासाठी वापरलेली दिसत नाही. ती पंधराव्या शतकातल्या इटलीची. कलेतिहासकार रुडॉल्फ विटकोवर यांच्या मते तिचा सातत्याने वापर सुरू करणारा वास्तुकार म्हणजे जुलियानो दा सांगालो. फ्लॉरेन्सजवळ पोज्जो आ कायानो इथे लोरेंझो दे मेदिची यांच्यासाठी त्याने वाडा बांधला, त्याच्या गच्चीला असा कठडा आहे. पुढे रोममध्ये ब्रामान्तेने तेम्पियेत्तो या छोट्या गोल देवळावर आणि मायकेलअँजेलोने कापितोलिनो टेकडीच्या बांधकामात तो वापरला. मोठ्यांनी वापरला म्हटल्यावर सगळ्या युरोपात त्याची चाल पडली.

या दांड्यांचे मुख्य घाट दोन. एकात एकच फुगवटा असतो, फुलदाणीसारखा. दुसऱ्यात एका फुगवट्यावर दुसरा उलटा ठेवलेला असतो, म्हणजे वर-खाली सारखा. इटलीत हे दगडाचे होते. इंग्लंडमध्ये आणि नंतर अमेरिकेत घरगुती जिन्यासाठी लाकूड आले, आणि लाकडाला हा घाट द्यायला सोपे साधन म्हणजे लेथ. आपल्याकडे हे काम कातारी करतात, म्हणून अशा दांड्याला मराठीत कातीव दांडा म्हणता येईल. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर ज्यांनी जॉब केला आहे त्यांना हा आकार लगेच ओळखू येईल.

आपल्याकडे काय होते

भारतात कठड्याची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे, पण तिची रचना वेगळी. स्तूपाभोवतीच्या कठड्याला वेदिका म्हणतात. तिच्यात उभा स्तंभ, दोन स्तंभांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे सूची, आणि वरून बसवलेला लांब दगड म्हणजे उष्णीष. सूची म्हणजे सुई आणि उष्णीष म्हणजे पागोटे! इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली भारहुतची वेदिका अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सापडली. ती आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. तिच्या खांबांवर 'थभो दानं', म्हणजे हा खांब अमक्याचे दान, असे कोरलेले आहे. भाजे आणि कार्ले लेण्यांत हीच वेदिका भिंतीवर नक्षी म्हणून कोरलेली दिसते. पुढच्या सहलीत जरूर पाहा.

डाळिंबाच्या कळीचा घाट भारतात आला तो मुघल काळात, आणि तोही कठड्यात नव्हे तर खांबात. ऑस्ट्रियन कलेतिहासकार एबा कॉख यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की शाहजहानच्या दरबारातला फुगीर तळाचा खांब युरोपीय चित्रांवरून घेतलेला आहे. दिल्लीच्या लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-आममध्ये बादशहाच्या बैठकीला असे खांब आहेत. फारसीत त्याला सर्व वृक्षाच्या अंगाचा खांब म्हणत. हा सर्व म्हणजे सायप्रस, मराठीत सुरू.

इथे आपल्या ओळखीची जागा येते. पेशवाईतल्या वाड्यांच्या लाकडी खांबांना सुरूचे खांब म्हणतात. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्याचे खांब त्यासाठी प्रसिद्ध आहेत. हा सुरू म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरचे सुरूचे बन नव्हे, ते झाड वेगळे. इटलीत ज्यांना डाळिंबाची कळी दिसली, त्याच आकारात आपल्या लोकांना सुरूचे झाड दिसले.

आकार आणि मोजमाप

आता आमची चूक. कातीव दांड्याचा तळ चौकोनी आणि जाड असतो, मान बारीक. आमच्या दांड्याचा तळ पावणेदोन इंच, मान जेमतेम पाऊण इंच. म्हणजे तळाशी दोन दांड्यांमध्ये चार इंच अंतर असेल तर मानेपाशी ते पाच इंच होते. तपासणी करणाऱ्याने मानेपाशी मोजले होते, आम्ही तळाशी. त्याचे बरोबर होते.

अमेरिकेत बहुतेक राज्ये निवासी घरांसाठी जो आदर्श नियमसंग्रह आधाराला घेतात, त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

१. जमिनीपासून ३० इंचांहून उंच असलेल्या मोकळ्या कडेला कठडा हवा. घरातल्या कठड्याची उंची किमान ३६ इंच.
२. कठड्यातून चार इंच व्यासाचा चेंडू कुठूनही आरपार जाता कामा नये.
३. जिन्याच्या तिरप्या बाजूला ही मर्यादा ४ ३/८ इंच आहे.
४. पायरी आणि खालची पट्टी यांच्यामधल्या त्रिकोणी फटीत सहा इंचांचा चेंडू जाता कामा नये.

राज्य आणि गाव यांप्रमाणे थोडा फरक असतो, तेव्हा आपल्या नगरपालिकेकडे विचारावे. इंग्लंडमध्ये, जिथे पाच वर्षांखालील मुले असू शकतात तिथे, १०० मिलिमीटरचा गोळा जाता कामा नये आणि कठड्यावर सहज चढता येऊ नये असे मार्गदर्शन आहे.

चारच इंच का? तान्ह्या मुलाचे अंग डोक्यापेक्षा लवचीक. पाय आणि धड ज्या फटीतून निघून जाते तिथे डोके अडकते, आणि सगळे वजन मानेवर येते. म्हणून मोजायचे ते अंगासाठी. पाळण्याच्या गजांमधले अंतर तर याहून कमी, अमेरिकेत कमाल २ ३/८ इंच.

जुन्या घरांकडे विशेष लक्ष द्यावे. पूर्वीच्या नियमांत सहा इंचांची फट चालत असे, आणि नूतनीकरण केल्याशिवाय जुना कठडा बदलायची सक्ती सहसा नसते. म्हणजे घर कायदेशीर असूनही मुलासाठी धोक्याचे असू शकते.

तपासायचे कसे? पुठ्ठ्याची बरोबर चार इंच लांब पट्टी कापा आणि दोन दांड्यांमध्ये आडवी धरून तळापासून वरपर्यंत सरकवा. जिथे दांडा सर्वात बारीक आहे तिथेही ती अडली पाहिजे. सैल दांडे हाताने हलवून पाहा. फट मोठी असेल तर कायमचा उपाय होईपर्यंत पारदर्शक प्लॅस्टिकचे पत्रे किंवा मजबूत जाळी कठड्याला घट्ट बांधता येते. आम्ही नंतर सगळे दांडे काढून नवे जवळजवळ बसवले. दोन शनिवार-रविवार गेले.

भारतातून आजी-आजोबा येतात, मंडळाची पिल्ले कोणाच्या ना कोणाच्या घरी जमतात. आपल्या घरात लहान मूल नसले तरी पाहुण्यांचे असतेच. तेव्हा या आठवड्यात पाच मिनिटे काढून आपला जिना आणि डेक मोजाच. दांडे बदलायला मदत लागली तर मंडळाच्या कार्यक्रमात आम्हाला गाठा. करवत आणि ड्रिल दोन्ही आमच्याकडे आहे!